पंप की रॅक? आधी पुढची चाकं उचलून बघा

प्रश्न असा आलाय की १४ वर्षं जुनी सेडान आहे, बेल्टवर चालणारा पंप असलेलं हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग (म्हणजे पंपानं दाबलेलं ऑइल चाकं वळवायला मदत करतं), गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. दोन-तीन महिन्यांपासून पार्किंगमध्ये स्टेअरिंग फिरवताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो, रस्त्यावर वेगात असली की एवढं कळत नाही. ऑइल कमी दिसलं म्हणून टॉप-अप केलं, फरक शून्य. एक मेकॅनिक म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो रॅकच, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा आणि त्याचं घर, नवीन टाका. कुणाचं ऐकायचं?

खरं सांगू का, सध्या दोघांचंही ऐकू नका. ते चुकीचेच आहेत असं मी म्हणत नाही, एखादा बरोबर निघेलही, पण मोजलं कुणीच काही नाहीये, हाताला जड लागलं आणि अंदाजपंचे निकाल देऊन टाकला. मी वीसेक वर्षं हेच काम करतोय आणि मीसुद्धा सुरुवातीला असाच निकाल द्यायचो, त्यातला एक किस्सा पुढे सांगतोच.

मुळात "स्टेअरिंग जड झालं" ही तक्रार ऐकताना दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात आलेल्या असतात. एक म्हणजे पंपाची मदत कमी मिळतेय, आणि दुसरं म्हणजे मदत पुरेशी मिळतेय पण पुढे कुठेतरी काहीतरी अडकतंय, गंजलंय, सुकलंय. गाडी ढकलायला मागे माणूस नसणं वेगळं आणि गाडीचा हँडब्रेक लागलेला असणं वेगळं, आतून जोर लावणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. पंप की रॅक हा वाद सुरू करण्याआधी या दोनपैकी काय आहे ते ठरवायला हवं, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

त्याच्याही आधी टायरमधली हवा बघा. हसू नका, माझ्याकडे "पंप बदलायचाय" म्हणून आलेल्या एका गाडीच्या पुढच्या एका टायरमध्ये १८ पीएसआय हवा होती, हवी होती ३२. बारीक पंक्चर होतं, हळूहळू उतरत गेलं त्यामुळे मालकाच्या लक्षातच आलं नाही. उभ्या गाडीत चाक वळवताना टायर जमिनीवर अक्षरशः घासत फिरतो, हवा कमी असली की जमिनीला टेकलेला भाग मोठा होतो आणि जोर त्याच प्रमाणात जास्त लागतो. गाडीच्या कंपनीनं दिलेल्या साइझपेक्षा टायर रुंद बसवले असतील, बाहेर निघालेले अलॉय असतील तरी हेच. अशा बदलानंतर स्टेअरिंग जड झालं असेल तर ते बिघाड नाही, तो त्या बदलाचाच परिणाम आहे.

आता जॅकची टेस्ट. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडसर, पुढची दोन्ही चाकं हवेत आणि गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नको. इंजिन बंद ठेवा पण चावी फिरवून स्टेअरिंग लॉक सोडा, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. इथे एक लक्षात ठेवा, इंजिन बंद असताना रॅकमधलं ऑइल तुम्ही हातानं इकडून तिकडे ढकलत असता त्यामुळे थोडा जोर लागणारच. पण तो जोर सगळीकडे सारखा, गुळगुळीत लागायला पाहिजे, घट्ट मधात चमचा फिरवल्यासारखा. मध्येच अडकलं, खटका बसला, एका जागी घट्ट आणि पुढे सैल झालं, तर पंपाचा यात काही संबंध नाही, कारण पंप तर बंदच आहे. मग मेकॅनिकल बाजू शोधायची.

घट्टपणा कुठे येतो त्यावरूनही बरंच कळतं. स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात बरोबर दोनदा घट्ट आणि दोनदा सैल होत असेल तर स्टेअरिंग कॉलमपासून रॅकपर्यंत जाणाऱ्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला आपण क्रॉस म्हणतो, तो जाम झालाय असं मी जवळजवळ डोळे झाकून सांगतो. क्रॉसच्या एका बाजूच्या सुया (आतल्या बारीक बेअरिंगच्या) गंजल्या की दर अर्ध्या फेऱ्याला तो अडतो. एका गाडीला तर दुसरीकडे नवीन रॅक बसवून झाली होती आणि तक्रार जशीच्या तशी, शेवटी निघाला खालचा क्रॉस, जिथे इंजिनची उष्णता आणि चाकाचं उडालेलं पाणी दोन्ही लागतं. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारला की आठ-पंधरा दिवस छान वाटतं आणि मग परत तेच. स्प्रेनं फरक पडला तर निदान पक्कं झालं एवढाच त्याचा उपयोग, शाफ्ट बदलावाच लागतो.

स्ट्रटच्या (पुढच्या चाकावरचा स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) वरचं बेअरिंग गेलं असेल तर वळवताना स्प्रिंगमधून टंग असा आवाज येतो, स्टेअरिंग सोडलं की ते थोडं उलटं उसळतं. हे बघायला चाकं जमिनीवरच ठेवा, एकानं स्टेअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्यानं स्प्रिंगला बाहेरून बोटं टेकवून ठेवायची, दोन वेढ्यांच्या मध्ये बोट अजिबात घालायचं नाही. स्प्रिंग सलग फिरायला हवी, थांबून झटका देत असेल तर बेअरिंग गेलं. चाकाला खालून धरणारा बॉल जॉइंट सुकला असेल तर तो असा दिसत नाही, रबरी बूट फाटलेला असतो आणि आत पाणी-माती गेलेली असते. खात्री करायची असेल तर दोन्ही टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारे सांधे) सोडवायचे आणि प्रत्येक चाक हातानं डावी-उजवीकडे वळवून बघायचं. चाक सहज वळतं पण स्टेअरिंग अजूनही घट्ट, तर दोष रॅक किंवा कॉलममध्ये. चाकच घट्ट, तर रॅकला उगाच दोष देऊ नका. पुढे कॉलम आणि रॅक वेगळे करायचे असतील तर आधी खूण करून घ्या, चाकं सरळ ठेवा आणि शाफ्ट सुटल्यावर स्टेअरिंग मोकळं गरगर फिरवू नका, एअरबॅग असलेल्या गाडीत स्टेअरिंगखाली गुंडाळलेली बारीक पट्टीची वायर असते ती तुटते आणि मग नवीनच काम निघतं.

जॅक नसेल तर एक सोपी खूण आहे, मोकळ्या मैदानात हळू गाडी वळवा आणि स्टेअरिंगवरची पकड सैल करा, हात जवळच असू द्या. स्टेअरिंग आपोआप सरळ व्हायला बघतं का? जड आहे पण नेहमीसारखं परत येतं, तर बहुतेक मदत कमी पडतेय. जड आहे आणि परतही येत नाही, जिथे ठेवलं तिथेच राहतं, तर कुठेतरी घर्षण आहे. अलाइनमेंट बिघडलेली असेल तर ही खूण फसवू शकते हे मान्य, पण दहातल्या आठ वेळा मला ती बरोबर वाटेला लावते.

समजा जॅकवर सगळं गुळगुळीत फिरलं, म्हणजे मदतच कमी पडतेय. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतंय, कारण पार्किंगमध्ये जड आणि वेगात बरं. एक सांगतो, वेगात कुठलंही स्टेअरिंग हलकंच लागतं, मदत नसली तरी, म्हणून "रस्त्यावर ठीक आहे" यावरून पंप चांगला आहे असं कुणी म्हणत असेल तर ते धरून चालू नका.

आणि तुमच्या प्रश्नात एक मोठा धागा आहे ज्याच्याकडे दोन्ही मेकॅनिकनी बघितलेलं दिसत नाही. ऑइल कमी झालं होतं. ते गेलं कुठे? पॉवर स्टेअरिंगचं ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, बंद सिस्टिम असते, कमी झालं म्हणजे गळलंच. पंपाच्या शाफ्टचं सील बघा, जाड प्रेशर होज जिथे धातूच्या पाइपला दाबून बसवलेली असते तिथे ओलसर आहे का बघा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी भाते दाबून बघा. ते कोरडे आणि हलके असायला पाहिजेत. आत ऑइल डुचमळत असेल तर रॅकची सीलं गेलीत, मग रॅक म्हणणाऱ्या मेकॅनिकचं पारडं जड. भाते कोरडे असतील आणि पंपाखाली ओलं असेल तर उलट.

ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर टाका. लालसर किंवा पारदर्शक असेल तर ठीक, काळं आणि जळका वास म्हणजे सील आणि पंप झिजून त्यात उतरलेत. इंजिन चालू असताना स्टेअरिंग ऑइलच्या छोट्या टाकीत फेस दिसत असेल, कॉफीसारखं दिसत असेल, तर हवा ओढली जातेय. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे हवा मिसळली की दाब तयारच होत नाही आणि पंप गुरगुरतो. नुसतं टॉप-अप करून फरक न पडण्याचं हे एक कारण असू शकतं, लेव्हल वर आली पण आतली हवा निघालीच नाही. आणि टॉप-अप कशानं केलं? झाकणावर जे लिहिलंय तेच पाहिजे. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना वेगळं स्टेअरिंग ऑइल, रंग सारखा दिसतो म्हणून चालत नाही, चुकीच्या ऑइलनं सीलं फुगतात किंवा कडक होतात. ब्रेक ऑइल टाकलेलंही मी पाहिलंय, ती गाडी पुढे पंप, रॅक, पाइप सगळं घेऊन बसली.

बेल्टकडे लोक नुसतं बघतात, तुटलेला नाहीये ना, झालं. पण बेल्ट घसरतो तो नेमका पूर्ण लोड आल्यावर, म्हणजे उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवताना, तेव्हाच किंचाळतो किंवा कधीकधी गुपचूप घसरतो. आतली बाजू काचेसारखी चमकत असेल तर बदला. ऑइल गळून बेल्टवर आलं असेल तर नवीन बेल्टही तसाच घसरणार, आधी गळती. आणि कधी स्टेअरिंग अचानक जड झालं आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवा लागला तर विचार करत बसू नका, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असतात, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

आता माझा किस्सा. एक गाडी आली, पार्किंगमध्ये जड, पंप गुरगुरतोय, मी ऐकल्या ऐकल्या पंप काढला आणि नवीन लावला. दहा दिवस छान. मग परत गुरगुर, परत जड. पंप खराब लागला म्हणून मी पुरवठादाराशी भांडलो, दुसरा पंप आणला, तोही महिन्याभरात तसाच. शेवटी टाकी काढून धुवायला घेतली तर तळाशी बारीक जाळी आणि त्यावर काळा चिकट गाळ, जुन्या होजच्या आतलं रबर सुटून तिथे जमलेलं. पंपाला ऑइलच मिळत नव्हतं, उपाशी पोटी पळवत होतो त्याला. दोन चांगले पंप मी मारले. तेव्हापासून पंपाला हात लावायच्या आधी टाकी काढून जाळी बघतो, आणि बऱ्याच गाड्यांत ती जाळी टाकीत बंदिस्त असते, निघत नाही, तिथे सरळ टाकीच बदलायची. टाकीतून पंपाकडे जाणारी मऊ होजही दाबून बघा, जुनी झाली की आतून थर सुटतो आणि चालू इंजिनात ती चपटी होते, बाहेरून अगदी शहाण्यासारखी दिसते.

आयडल आरपीएम, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, ते पण बघून घ्या. पंप इंजिनच्या वेगावर फिरतो, आयडल ७५०-८०० च्या जागी ५५०-६०० वर आलं असेल, थ्रॉटल बॉडी (इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) घाण असेल, तर पार्किंगमध्ये मदत कमी पडते. उभ्या गाडीत कुणालातरी हलकं ॲक्सिलरेटर द्यायला लावा, १५०० पर्यंत. तेवढ्यानं स्टेअरिंग एकदम हलकं झालं तर पुरवठ्याची बाजू कमजोर आहे, म्हणजे आयडल, बेल्ट, जाळी, होज, पंप. काहीच फरक नाही पडला तर रॅकच्या आतली गळती किंवा पंपातला दाब मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. मात्र ही टेस्ट शंभर टक्के नाही, रॅक आतून थोडीच गळत असेल तर वाढलेला आरपीएम तीही झाकून टाकतो.

म्हणून शेवटचा शब्द प्रेशर गेजचा. पंप आणि रॅकच्या मध्ये व्हॉल्व्ह असलेलं गेज बसवतात. इंजिन चालू, ऑइल गरम, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, पाच सेकंदांच्या वर नाही, नाहीतर पंप तिथेच जळतो. पंप चांगला असेल तर दाब झटकन वर जातो, छोट्या गाड्यांत साधारण ६० ते १०० बारच्या दरम्यान, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये. तेवढा दाब आला तर पंप पास. मग व्हॉल्व्ह उघडा आणि स्टेअरिंग टोकापर्यंत वळवून क्षणभर दाबून धरा, आता दाब तेवढाच आला पाहिजे, कमी आला तर ऑइल रॅकच्या आत एका बाजूकडून दुसरीकडे पळतंय. पंप बंद व्हॉल्व्हवरही दाब देत नसेल आणि बेल्ट, जाळी, होज ठीक असतील तर पंप किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह. हे काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. जो "रॅक बदला" म्हणतो त्याला शांतपणे विचारा, गेज लावलं होतं का?

अजून एक गोष्ट जी फार कुणी सांगत नाही. एकाच बाजूला जड असेल, डावीकडे जड आणि उजवीकडे लोण्यासारखं, तर पंपावर संशय घेऊच नका. पंपाला डावं-उजवं कळत नाही, तो फक्त दाब देतो. दिशा ठरते रॅकवरच्या व्हॉल्व्हमध्ये, तिथे एक बारीक टॉर्शन बार असतो, तुम्ही स्टेअरिंगला पीळ दिला की तो किंचित वळतो आणि त्या बाजूची वाट उघडते. १९५१ मध्ये क्रायस्लरनं इम्पीरियल गाडीत पहिल्यांदा पॉवर स्टेअरिंग विकायला आणलं, व्हॉल्व्हचे प्रकार नंतर बदलले पण ऑइल दाबून एका बाजूला ढकलायचं हे तत्त्व तेच आहे. एकाच बाजूला त्रास म्हणजे हा व्हॉल्व्ह, रॅकचं सील, नाहीतर त्या बाजूचं काहीतरी मेकॅनिकल. तसंच सकाळी गाडी काढताना जड आणि गरम झाल्यावर ठीक, हे जुन्या रॅकचं लक्षण, व्हॉल्व्हच्या रिंगांनी घरात खाचा पाडलेल्या असतात, ऑइल गरम होऊन रिंगा फुलल्या की बसतं. उलट थंड असताना छान आणि तासभर चालवल्यावर जड, तिथे मी झिजलेला पंप धरतो, पातळ झालेलं ऑइल त्याला धरवत नाही.

कुणाकडे इलेक्ट्रिक स्टेअरिंग असेल तर वरचं ऑइल-बेल्टचं सगळं सोडून द्या, जॅकची टेस्ट मात्र तशीच लागू. तिथे बॅटरी आणि अर्थिंगपासून सुरुवात करायची, कारण ती मोटर जोर लावताना पन्नास-साठ अँपिअर सहज ओढते आणि व्होल्टेज पडलं की स्टेअरिंगचं मॉड्यूल (त्याचा छोटा कॉम्प्युटर) स्वतःच मदत कमी करतं. सारखं टोकाला वळवत राहिलात तर मोटर तापूनही मदत कमी होते, थंड झाली की परत येते, तो बिघाड नाही. दिवा लागलेला असेल तर असा स्कॅनर पाहिजे जो स्टेअरिंगचं मॉड्यूल वाचतो, नुसता इंजिनचा नको. जुन्या जीप-ट्रकसारख्या गाड्यांत रॅकच्या जागी स्टेअरिंग बॉक्स असतो, तिथे आधी किंग पिनला (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) ग्रीस द्या, आणि प्ले, म्हणजे स्टेअरिंगचा ढिलेपणा, काढायला कुणी वरचा ॲडजस्टिंग स्क्रू जास्त आवळलाय का ते विचारा. हे फार होतं, प्ले जातो आणि स्टेअरिंग लाकडासारखं होतं.

तुमच्या बाबतीत पैज लावायची झाली तर मी गळतीतून शिरलेली हवा आणि त्याच्या जोडीला जाळी किंवा बेल्ट यावर लावीन, त्यानंतर पंप, आणि भात्यांत ऑइल निघालं तरच रॅक. पण गाडी न बघता लावलेली पैज आहे ही, हरूही शकतो. गळती थांबवणारी बाटली टाकू का असं कुणीतरी विचारणारच, तर ती सील मऊ करून फुगवते, काही महिने ढकलता येतात, गाडी विकायचीच असेल किंवा पार्ट यायला वेळ असेल तर समजू शकतो, पण फाटलेल्या होजला आणि झिजलेल्या पंपाला तिचा शून्य उपयोग.

तोवर गाडी चालवायची असेल तर लेव्हल रोज बघा, पंपाचं वंगण म्हणजे तेच ऑइल, कोरडा चालला तर काही मिनिटांत संपतो. स्टेअरिंग टोकाला नेऊन दाबून धरू नका. सारखं एकसमान जड असेल तर जपून गॅरेजपर्यंत जाता येईल, पण मध्येच अडकत असेल, वळणात सुटून परत धरत असेल, तर नका चालवू, टो करून न्या.

आणि काहीही बदललं तरी हवा काढल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. माझ्या अनुभवात "नवीन पंप खराब निघाला" म्हणून परत येणाऱ्यांतले बरेच पंप चांगले असतात, हवाच राहिलेली असते. टाकी भरायची, पुढची चाकं हवेत, इंजिन बंद, आणि स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा, मध्ये मध्ये लेव्हल बघत, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग इंजिन चालू करून परत तसंच काही वेळा, टोकाला न थांबता. फेस दिसला तर घाई करायची नाही, इंजिन बंद करून तासभर गाडी तशीच उभी ठेवायची, ऑइल निवळलं की लेव्हल उतरलेली दिसते, तेवढी भरायची आणि पुन्हा पहिल्यापासून.